मुंगीची परीक्षा

फराळाचं ताट पुढ्यात घेऊन दिवाळी अंक वाचायची ज्यांना सवय आहे, त्यांनी हा लेख ताट रिकामं झाल्यावर वाचावा. मी वाशीमच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये जन्मभर शौचाचे नमुने तपासले. रक्त, लघवी, थुंकी तपासणारे आणखी दोघं होते, शौचाचं टेबल मात्र पहिल्यापासून माझं. ते माझ्याकडून कोणी मागून घेतलं नाही, आणि मीही कोणाच्या गळ्यात मारलं नाही.

नमुन्यासाठी आम्ही झाकणाची प्लास्टिकची डबी देत असू. ती घरी गेली की हमखास हरवायची. मग कोणी तपकिरीच्या डबीत आणी, कोणी पेढ्याच्या खोक्यात. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावचा एक किराणा दुकानदार जेवणाच्या स्टीलच्या डब्यात घेऊन आला. वर घट्ट झाकण, त्यावर रुमालाची गाठ. "मॅडम, डबा वापस पायजे बरं का," तो म्हणाला, "घरी सेट हाय, बायको बोंबलन." मी डबा उकळून, पुसून परत दिला. पुढं त्यात भाजी गेली की काय गेलं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

हे काम असतं कसं, ते थोडक्यात सांगते. नमुन्याचा कणभर भाग काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. जंत, अमिबा असली मोठी मंडळी तिथंच सापडतात. जिवाणू असे ओळखू येत नाहीत. त्यांच्यासाठी खरवसाच्या वडीसारखं घट्ट खाद्य एका चपट्या ताटलीत थापलेलं असतं, त्यावर नमुन्याची रेघ ओढायची आणि ताटली उबेला ठेवायची. दुसऱ्या दिवशी ठिपके उगवतात. कोणते गुलाबी, कोणते पांढुरके, कोणाचा वास कसा, यावरून कोण आलंय ते कळायला लागतं. वास कामाचा भाग आहे, हे बाहेरच्यांना पटत नाही.

दवाखान्यात सगळे माझ्याशी चांगले बोलायचे. पण दुपारी जेवणाची वेळ झाली की सगळ्यांना काही ना काही आठवायचं. मी हात साबणानं तीनतीनदा धुते हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरीही माझ्या डब्यातली शेवग्याची भाजी कोणी चाखून पाहिली नाही. सुरुवातीला मी ती जास्तीची नेत असे. नंतर एका माणसापुरती न्यायला लागले.

लग्नाचंही तसंच झालं. एक पाहुणे चहा अर्धा पिऊन झाल्यावर विचारते झाले, "लॅबमधी म्हणजे नेमकं काय करते मुलगी?" मी नेमकं सांगितलं. उरलेला अर्धा चहा कपात राहिला. दुसऱ्या स्थळाच्या वेळी आईनं मला आत बोलावून ताकीद दिली, की नुसतं 'दवाखान्यात आहे' म्हण. तसं म्हटलं, पण त्यांनी चौकशी केलीच. त्यानंतर मीच बास म्हटलं. बास म्हटलं म्हणजे वाईट वाटलं नाही, असं नव्हे.

वडील शिक्षक होते. त्यांना माझ्या कामाचं दुःख वेगळ्या कारणानं होतं. धम्म स्वीकारल्यावर आजोबांनी गावातली मेलेली ढोरं ओढणं सोडलं, त्यापायी मारही खाल्ला. वडील एकदा जेवता जेवता म्हणाले, "माह्या बापानं घाण हातातून फेकली, अन् तू शिकूनसवरून तेच हातात घेतलं." मी म्हटलं, "बाबा, मी हातमोजे घालते." त्यांना हसू आलं नाही.

माझ्या कामाची खरी आस्था मला वाटतं एकाच बाईला होती, कापडाच्या एका जैन व्यापाऱ्याच्या वृद्ध आईला. पोट बिघडलं होतं. डॉक्टरांनी ताटलीवरची तपासणी लिहून दिली, तेव्हा आजी नातसुनेला घेऊन स्वतः आल्या. "बेटा, तू त्या जिवांले खाऊ घालून वाढवते म्हनते?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "अन् मंग?" मी खरं ते सांगितलं, की काम झालं की दाबाच्या भांड्यात घालून मारून टाकतो. आजींनी डबी पदराखाली घेतली. "पाहुण्याले पोटभर जेवू घालून मारनं, हे काई बरं नाई. न वाढवता जे दिसन थे पाहून सांग." मी काचेवर पाहिलं आणि नशिबानं अमिबा सापडला. औषधानं तोही मरणार होता, ते मी बोलले नाही.

त्यानंतर दरवर्षी पर्युषण संपलं, क्षमा मागायचा दिवस आला, की आजी लॅबच्या दारात उभ्या राहत. आत येत नसत. "तुह्या नावानंबी माफी मागतली वं, तुह्या सगळ्या जिवांची," असं सांगून जात. आपल्या नावानं कोणीतरी काहीतरी मागतंय, याचंच मला बरं वाटे. त्या गेल्या त्या वर्षी क्षमेच्या दिवशी मी उगीच दाराकडं पाहत राहिले.

नोकरीची शेवटची काही वर्षं एक वेगळं काम लागलं. तान्ह्या लेकरांच्या हगवणीचे नमुने गावोगावहून गोळा करून, बर्फाच्या पेटीत घालून मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेला पाठवायचे. आसेगाव, शेलूबाजार, मालेगावकडची खेडी माझ्याकडं होती. जीप मिळाली तर जीपनं, नाहीतर कोणाच्या मोटारसायकलवर मागं, पेटी मांडीवर. पेटीत काय आहे ते कळलं की शेजारचा प्रवासी खिडकीकडं सरके, त्यामुळं जागा मात्र ऐसपैस मिळे.

कारण असं, की तान्ह्या पोरांना हगवण लावणाऱ्या एका जंतूचे साधे भाऊबंद आपल्या सगळ्यांच्या आतड्यात गुण्यागोविंदानं राहतात. माझ्या ताटलीवर साधा आणि उपद्रवी दोघंही सारखेच गुलाबी दिसत. फरक ओळखायची सोय त्या शहरातच होती. तिथल्या एक डॉक्टरीणबाई एकदा वाशीमला आल्या आणि त्यांनी लॅपटॉपवर मला एक चित्र दाखवलं. लाखो पट मोठं केलेलं आतडं. एरवी त्यावर मखमलीसारखी बारीक लव असते, ती अन्नपाणी शोषून घेते. चित्रात ती लव एका जागी सपाट झाली होती, तिथं एक चौथरा उभा होता, आणि चौथऱ्यावर जंतू बसला होता.

बाईंनी समजावून सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. कुठंही चिकटायचं तर पकडायला काहीतरी लागतं. आपल्या पेशीवर या जंतूला घट्ट धरता येईल अशी जागा नसते. मग तो काय करतो, तर पेशीजवळ आला की एका बारीक सुईसारख्या नळीतून स्वतःचंच एक प्रथिन पेशीच्या आत सोडतो. ते प्रथिन आत जाऊन पेशीच्या कातडीत रुतून बसतं, एक टोक बाहेर काढून. त्या टोकाला जंतू घट्ट धरतो. म्हणजे पाहुणा आपला पाट आपणच घेऊन आला, घरात सरकवला आणि वर बसला. एवढ्यानं भागत नाही. पेशीच्या आत तिचा आकार सांभाळणारी तिची स्वतःची प्रथिनं असतात, घराच्या वाशांसारखी. जंतूच्या सांगण्यावरून ती आपली कामं सोडून पाटाखाली गोळा होतात आणि चौथरा उभारतात. लव मोडते, शोषणं थांबतं, आणि लेकराचं पाणी वाहून जायला लागतं.

मी ते चित्र मोबाइलमध्ये मागून घेतलं. खरं सांगते, मला त्या जंतूचा हेवा वाटला. बोलावणं नाही, ओळख नाही, आणि घरच्यांनीच बसायला चौथरा बांधून दिला. मला उभ्या आयुष्यात काही घरांत ओसरीच्या पुढं बसायला सांगितलं गेलं नाही. कुठं जातीमुळं, कुठं कामामुळं, कुठं दोन्हीमुळं, ते मी निवडत बसले नाही.

बाईंनी आणखी एक सांगितलं, ते मला पुढं फार उपयोगी पडलं आणि फार महागातही पडलं. आईनं ज्या गावचं पाणी पचवलेलं असतं, त्या गावचे जंतू तिच्या अंगाच्या ओळखीचे झालेले असतात. ती ओळख दुधातून लेकराच्या पोटात जाते. दुधातले रक्षक जंतूला जाऊन चिकटतात आणि त्याला पाट गाठू देत नाहीत. डब्याच्या किंवा बकरीच्या दुधात ती ओळख नसते. वर बाटली नीट धुतलेली नसली तर जंतू त्याच बाटलीतून आत जातो.

आता आसेगावकडच्या एका घराची गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, आणि माणसांची नावं आणि खाणाखुणाही मी बदलल्या आहेत.

गजानन हा शेलूबाजारच्या नाक्यावर जीप चालवायचा. मी बरेचदा त्याच्याच जीपनं जायची. पेटी पाहून न सरकणारा तो एकच ड्रायव्हर. एके दिवशी त्यानं मला पुढच्या सीटवर बसवलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, माह्या पोरीलेच लागली हाय हगवन. माह्या घरी चाल्ता का?"

पोरगी चारेक महिन्यांची होती. टाळू खोल गेलेली, रडायचा आवाज मांजराच्या पिल्लाएवढा. बाजूला बाटली पडलेली, रबरी बुचाला दुधाची पिवळी साय चिकटलेली. माशा होत्याच. मी नमुना घेतला आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. तिथं सलाईन लागलं, जिंक दिलं, जलसंजीवनी सुरू झाली. पोरगी सावरली. डॉक्टरांनी बजावलं, "बाटली बंद. आईचंच दूध पाजा." सगळ्यांनी मान हलवली. आणि घरी जाऊन पुन्हा बाटली सुरू झाली. पोरगी पुन्हा आजारी पडली. तेवढ्यात शहरातून उत्तर आलं, तोच जंतू होता, पाटवाला.

मी पुन्हा त्या घरी गेले. गजानन जीपवर गेला होता. त्याची बायको प्रतिभा चुलीजवळ खाली मान घालून बसली होती. पोरगी गजाननच्या आईच्या मांडीवर, गिरजाबाईंच्या. बाटलीतून बकरीचं दूध चालू होतं.

"आजी, डॉक्टरनं काय सांगतलं होतं?" मी विचारलं.

"सांगतलं तं सांगतलं. तिचं दूध बाधलं हाय."

"कोनं पाह्यलं?"

"मी पायलं. वाटीत दूध काहाडून कायी मुंगी टाकली. पटकन मेली." मग त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "बाई, तुमाले लेकरं किती?"

"नाहीत."

"मंग दुधातलं तुमाले काय कयते?"

हा प्रश्न मला घरोघर विचारला जायचा, आणि दर वेळी त्याचं उत्तर देता देता माझा आवाज चढायचा. तसाच तेव्हाही चढला. मी म्हटलं, मुंगी पाण्यातही मरते, आत्ता दाखवते. एका वाटीत पाणी घेतलं, दुसरीत प्रतिभाला दूध काढायला लावलं. दारातल्या रांगेतून दोन मुंग्या उचलल्या आणि गिरजाबाईंच्या समोर सोडल्या. पाण्यातली मुंगी मजेत पाण्यावरून चालत वाटीच्या कडेला आली, वर चढली आणि निघून गेली. दुधातली पाय झाडत झाडत बुडाली.

"पायलं?" गिरजाबाई म्हणाल्या. "पान्यातून निंगाली. दुधात मेली."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. दूध पाण्यासारखं मुंगीला वर तोलून धरत नाही, ती त्यात भिजते आणि बुडते, म्हशीच्या दुधातही तशीच मरेल, हे मला नंतर डॉक्टरीणबाईंकडून कळलं. चुलीजवळ प्रतिभा रडायला लागली, आवाज न करता. माझ्या हुशारीनं तिची शेवटची आशाही घालवली होती.

"दूध आटलं का वं तुह्यं?" मी तिला विचारलं.

तिनं सासूकडं पाहिलं. उत्तर गिरजाबाईंनीच दिलं. "आटनं कायले? इख आंगात राहू नोय म्हनून मीच सांगतलं, रोज काहाडून फेकत जा. निंबाच्या बुडाशी टाकते थे." म्हणजे विषाच्या भीतीनं ज्या हुकमानं लेकराचं दूध तोडलं, त्याच घरातल्या दुसऱ्या हुकमानं ते वाहतं ठेवलं होतं. परसात कडुनिंबाच्या मुळाशी रोज सांडत होतं, आणि पोरगी ओसरीवर सुकत होती.

मी खाली बसले. म्हटलं, "आजी, तुमाले ही मुंगीची परीक्षा कोनं शिकवली?"

"माह्या सासूनं. माहंबी दूध तिनं असंच पायलं. दोन बार. दोन्ही बार मुंगी मेली. पयले पोट्टा, मंग पोट्टी. दूध बंद केलं, बकरीचं देल्लं, तरी हगवन लागून दोघंयी गेले. इख आंदीच आंगात गेल्तं."

"अन् गजानन?"

"गजानन माह्या माह्यरी झाला. थ्या सालात सासू बिमार व्हती, मी मायपाशीच राह्यलो. माह्या मायनं मुंगी टाकूच देल्ली नाई. म्हने असं कायी नसते. पाजला. जगला. तवरोक इख उतरलं असन."

कोणत्याही शहाण्या माणसानं इथं थांबायला हवं होतं. पण माझ्यासमोर एक पोरगी होती, तिला वाचवायचं होतं, आणि मला नुसता जिंकण्याचा रस्ता दिसत होता. मी मोबाइल काढला आणि ते चित्र दाखवलं. चौथरा दाखवला, वर बसलेला जंतू दाखवला.

"हा बिनबोलावता येते, आजी. पाट संगं घेऊन येते. आपल्याच घरच्यायले त्याच्या बुडाखाली ओटा बांधाले लावते."

गिरजाबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. आजवर ते चित्र मी कितीकांना दाखवलं, पण इतकं मन लावून कोणीच पाहिलं नव्हतं. "अन् दूध काय करते?" त्यांनी विचारलं.

"मायचं दूध याचा हात धरते. पाटापावतर जाऊच देत नाई."

"बकरीचं?"

"बकरीच्या दुधाले हा जंतू ओयखू येत नाई. याच गावचं पानी पिल्लेली माय पायजे. तिच्या आंगानं ह्याले आंदीच पाह्यलेलं असते."

"कोनतीबी माय?"

"कोनतीबी."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "म्हनजे माहंबी दूध."

"तुमचंबी!" मी आनंदानं म्हटलं. आनंदानं, हो. "तुमचं दूध चांगलंच होतं, आजी. त्यात इख कधीच नव्हतं."

गिरजाबाई उठल्या, पोरीला प्रतिभाच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "पाज." मग मागच्या दारानं परसात निघून गेल्या. पोरीला आधी धरता येईना, मग तिनं धरलं. प्रतिभा हसत होती आणि रडत होती. मीही तिच्याकडंच पाहत बसले. मागच्या दाराकडं आम्हा दोघींपैकी कोणीच पाहिलं नाही.

पोरगी वाचली. श्रेय सलाईनचं, जिंकचं, डॉक्टरांचं आणि प्रतिभाच्या दुधाचं. आता ती शाळेत जाते. गजाननच्या जीपमध्ये तिचा फोटो लावलेला आहे. त्या घरानं मला ओसरीच्या पुढं, थेट चुलीजवळ बसवून जेवू घातलं. त्या दिवशी गिरजाबाईंनी वाढलं, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हाताऱ्या माणसाला हार पचायला वेळ लागतो, असं मी मनात म्हटलं. इतकी मी मूर्ख होते.

बऱ्याच महिन्यांनी त्या एकट्याच एसटीनं वाशीमला आल्या, विचारत विचारत लॅबमध्ये पोचल्या. आजारी वाटत नव्हत्या. मी स्टूल दिलं, त्या बसल्या. टेबलावरच्या ताटल्यांकडं पाहत म्हणाल्या, "ह्याच्यात उगवते का थो?"

"हो."

"मले येकच सांगा बाई. माहे दोघं जंतूनं गेले, का दुधाबिगर गेले?"

जन्मभर मी लोकांना उत्तरं दिली. नमुना द्या, दोन दिवसांनी या, उत्तर घेऊन जा. गिरजाबाईंकडं द्यायला काही नव्हतं, आणि माझ्याकडंही. मी म्हटलं, "नमुन्याबिगर सांगता येत नाही, आजी." ते खरंच होतं. पण दोघींनाही ठाऊक होतं की ते उत्तर नव्हतं.

"रडे बाई थे," त्या म्हणाल्या. "दूध आपोआप वाहे. लुगडं वलं होये. मी भिताकडं तोंड करून बसो. सासू म्हने, रडनं आइकू नको, इख हाय. मी आइकलं नाई." एवढं सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "इख हाय समजत व्हतो तवरोक बरं व्हतं. इखाले कोन काय करते?"

मी त्यांचा हात धरला. हातमोजा काढायचा राहून गेला होता, हे नंतर ध्यानात आलं. तुमचा दोष नव्हता, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, असं काहीबाही मी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, एखाद्या लहान पोराचं ऐकावं तसं.

उठताना म्हणाल्या, "गजाननले हे सांगू नका. त्याले ठाव हाय का माह्या दुधात इख व्हतं, म्हनून त्याचे भाऊबहीन गेले. लहानपनापासून ठाव हाय. तरी थो मले कधी येक शब्द बोल्ला नाई. इखाची माय त्याले चालते, बाई. उपाशी ठेवनारी चालनार नाई."

"अन् प्रतिभा?"

"तिले पोरगी पायजे व्हती, पोरगी भेटली. तिनं इचार केला नाई. तुमी अन् मी, बस."

मी शब्द दिला. त्या गेल्यावर मी त्या दिवशीच्या ताटल्या तपासल्या, निकाल लिहिले. काम कधी कोणासाठी थांबत नाही, हे एका परीनं बरंच असतं. पण त्यानंतर कोणत्याही गावात दुधाचं समजावून सांगताना, ओसरीवर एखादी म्हातारी बसलेली असली की मी आधी तिच्याकडं पाहायला लागले. बऱ्याच जणी ऐकता ऐकता उठून आत जात. पूर्वी मला वाटायचं, त्यांना कंटाळा आला.

मी निवृत्त झाले. आता वाशीमला एकटीच राहते. सकाळी चहा करते तो एका कपाचा. फोन फारसा वाजत नाही, आणि वाजला तर बँकेवाल्यांचा असतो. गेल्या हिवाळ्यात गजाननचा आला. गिरजाबाई गेल्या होत्या.

तेराव्याला गेले. जेवणं झाल्यावर गजानन माझ्याजवळ येऊन बसला. डोक्याचे केस काढलेले, त्यामुळं तो एकदम लहान दिसत होता. प्रतिभा दूर भांडी आवरत होती.

"मॅडम, येक इचारू का?" तो म्हणाला. "मायच्या दुधात इख व्हतं म्हन्तात. माहे मोठे भाऊबहीन त्याच्यानं गेले. जाता जाताबी माय मले म्हने, माह्या दुधानं गेले बाप्पा थे. तुमी तं लॅबवाल्या. असं होऊ शकते का?"

हेच एक वाक्य खोटं आहे, हे पटवायला मी उन्हातान्हात, पेटी मांडीवर घेऊन, गावंच्या गावं पालथी घातली होती. गजानन माझ्या तोंडाकडं पाहत होता. भिंतीवर गिरजाबाईंचा फोटो होता, हार घातलेला.

"होऊ शकते," मी म्हटलं. "लाखात एखादीचं. तुह्या घरी आता कोनी मुंगी शोधू नोय."

"नाई जी," तो म्हणाला. मग त्यानं फोटोकडं पाहिलं. "बिचारी," म्हणाला, "तिच्या हातात काय व्हतं?"

मी 'खरं हाय' म्हटलं, आणि चप्पल शोधायला उठले.